गाडीची ओटी

गाडीनं मान टाकायला घेतली ती नेमकी चौक्याच्या घाटात. तेलाचा जळका वास आला आणि सुदर्शननं गाडी कडेला घेतली. फुलंब्री अजून आठ-दहा किलोमीटर होती.

"झालं?" शेजारी बसलेल्या सत्यशीलेनं विचारलं. लग्नाला एकवीस वर्षं झालेल्या बायकोला एवढा एक शब्द पुरतो.

ही चौथी खेप. गाडी वडिलांची, म्हणजे तात्यासाहेबांची; आता शहरात सुदर्शनकडं असलेली. गोल पाठीची, कासवासारखी दिसणारी, जुनी विलायती. इंजिन मागं. त्यात पाणी नाही, रेडिएटर नाही. मागच्या काचेखालच्या फटींतून पंखा हवा ओढतो आणि त्याच हवेवर सगळं थंड राहायचं. ती हवा सिलिंडरभोवती वळवणारे पत्रे गंजून गळून पडले होते. नवे कुठं मिळेनात. "मी करतो," सुदर्शन म्हणाला. वाळूजच्या कारखान्यात वीस वर्षं पत्रा दाबण्याच्या खात्यात काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

पहिले पत्रे त्यानं तेलाच्या डब्याचे केले. गाडी सावंगीला तापली. "पत्रा पातळ पडला," त्यानं जाहीर केलं. दुसरे मोडक्या कूलरचे. हर्सूलला तापली. "कोन चुकला." तिसऱ्या वेळी त्यानं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढलं, पुठ्ठ्याचे नमुने कापले आणि फोटो स्टेटसला लावले. तेव्हा तर ती पुंडलिकनगरच्या बाहेरच तापली. स्टेटस त्यानं चोवीस तास पुरे व्हायच्या आत काढून टाकलं.

आई दर खेपेला सोबत होती. दगडाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शहरात आल्या होत्या आणि आता परत जायला बसनं तयार नव्हत्या. तिकडं फुलंब्रीला तात्यासाहेब दर रविवारी ओट्यावर खुर्ची टाकून आपल्या गाडीची वाट बघत बसत आणि दर रविवारी संध्याकाळी फोनवर म्हणत, "आसू दे, पुढच्या ऐतवारी."

सत्यशीलेनं मात्र काल सांगून टाकलं होतं, "अहो, उद्या नाही पोचली, तर सोमवारी गारखेड्याचा भंगारवाला येईल. मी बोलून ठेवलंय." सुदर्शननं मान हलवली होती. वडिलांची गाडी आपल्याच हातानं भंगारात जाणार, या विचारानं त्याला रात्रभर डोळा लागला नव्हता.

आजवर वास आला की तो आधी चावी बंद करायचा. आज त्याची छाती झाली नाही. बंद केली आणि परत सुरूच झाली नाही तर? इंजिन तसंच चालू ठेवून तो मागं आला. झाकण उघडायचं म्हणजे आधी ओटी बाजूला करावी लागणार होती.

ओटी दगडाबाईंची. लेक सासरी निघाली की ओटी भरतात, तशी त्या निघताना गाडीची भरत. ओटी पोटावर, आणि या गाडीचं पोट मागं, हे त्यांना सुदर्शननंच समजावून सांगितलं होतं. पहिल्या रविवारी त्यांनी मागच्या फटींवर एक खण पसरून सुतळीनं बांधला. गाडी बंद पडली, तेव्हा देवीला कमी पडलं म्हणून पुढच्या खेपेला दोन खण आणि टॉवेल. मग सहावारी. आज घडी घातलेली हिरवी नऊवारी होती; काचेवर बांधलेली ती घाटाच्या चढावर घसरून खाली आली होती.

सुतळी सोडून तो लुगडं उचलायला गेला. ते निघेना. फटींना असं चिकटून बसलं होतं, की जणू आतून कुणी तोंडानं ओढून धरलंय. त्यानं जोर लावून ओढलं, आणि घुसमटलेल्या माणसानं श्वास घ्यावा तसा इंजिनाचा आवाज मोकळा झाला. त्यानं लुगड्याचं टोक परत फटींजवळ नेलं. फप् करून ते चिकटलं.

सुदर्शन तिथंच, रस्त्याच्या कडेला, ते लुगडं पोटाशी धरून उभा राहिला. वीस वर्षांचा अनुभव. कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग. आणि दर खेपेला हे कापड अदबीनं काढून टपावर ठेवणाराही तोच.

"काय झालं? पत्राच ना?" सत्यशीलेनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

मागच्या काचेतून आई त्याच्याकडंच बघत होती. खरं सांगितलं असतं तर त्याची अब्रू वाचली असती. त्याला सांगवेना.

"पत्राच," तो म्हणाला. "माझंच माप चुकलं. वाकवलाय आता." लुगड्याची नीट घडी करून त्यानं ते आईच्या मांडीवर दिलं. "वाऱ्यानं उडंल, आई. धर."

दहा मिनिटं गाडीला श्वास घेऊ दिला आणि ते निघाले. गाडी फुलंब्रीत शिरली, तेव्हा तात्यासाहेब काठी विसरून ओट्यावरून खाली उतरले. बॉनेटवरची धूळ ते हातानं पुसत राहिले.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. दगडाबाई खण-नारळ घेऊन बाहेर आल्या. सुदर्शन पटकन मागच्या फटींकडं सरकला. पण त्या मागं वळल्याच नाहीत. सरळ पुढं गेल्या, बॉनेटवर खण ठेवला, त्यावर नारळ ठेवला, कुंकू लावलं.

"आई, इंजिन मागं हाय," तो सवयीनं बोलून गेला.

"ठावं हाय." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "डॉक्टरनं डोळे लई बेस केले बघ. मागच्या काचेतनं समदं दिसतं."

मग सत्यशीलेला ऐकू जाईल अशा बेतानं, आवाज चढवून त्या म्हणाल्या, "आन् सुदर्शना, पत्रा पैल्यापासून बराबरच व्हता रे तुझा."