छबूबाईची जट

बाळांनो, अशी कल्पना करा, की तुमचं डोकं सारखं खाजतंय, कोंडा खांद्यावर पडतोय, पण केसांना कंगवा लावायचा नाही, असं सगळ्या गावाने बजावलंय. काष्टीजवळच्या एका वस्तीवर छबूबाईचं तसंच झालं होतं. तिच्या केसांचा गुंता वाढत वाढत दोरखंडासारखा झाला. बायकांनी त्याला देवीची जट म्हटलं आणि हळदीकुंकू वाहिलं. खाजेमुळे छबूबाईला धड झोप लागत नसे. काडी घेऊन ती जटेखाली टोकरत बसे.

एके दिवशी तिची लेक जयमाला शाळेतून आली ती कात्री घेऊनच. "आई, कापू दे ना आता. मानंवर रगत आलंय तुज्या."

"ठिव ती खाली! जट कापली की घरातलं लेकरू दगावतं म्हणत्यात. मला काय दुसरी लेक हाय का?"

"पर तुला लई तरास हुतोय."

"हुं दे. डोकं माजं खाजतंय, तुजं न्हाई."

जयमालाने दप्तरातून कंपासपेटी काढली आणि आतला जटेचा बोटभर तुकडा आईच्या तळहातावर ठेवला.

"गेल्या बाजाराच्या दिशी दुपारची तू निजलीवतीस, तवा शेंड्याचा कापला. बघ, मी हाय की अजून."

छबूबाई कितीतरी वेळ लेकीचं तोंड, हात, पाठ चाचपत राहिली. मग तिने मान खाली घातली, आणि जयमालाने कात्री उचलली.