दादाच्या खाणीवरचा टॉवर

टीव्हीवर बातमी लागली आणि शिलाई मशीनवरचा आईचा पाय थांबला. दादा ज्या परदेशी खाणीवर कामाला गेला होता, तिथेही आता टॉवर उभा राहून इंटरनेट पोचलं होतं. हेल्मेट घातलेले कामगार मोबाइलवर घरच्यांशी बोलत होते. आई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन एकेक चेहरा बघू लागली. तेवढ्यात जाहिरात आली.

शेजारी बसलेल्या मुलीने आईकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत दादाचा फोन नव्हता. कुणी विचारलं की आई म्हणायची, "रेंज कुठाय तिथे!" त्या देशाच्या राजधानीत नेट आलं, तेव्हा ती म्हणाली, खाण खूप आत आहे. मग बंदरात आलं. आई म्हणाली, बंदर कुठे, खाण कुठे! आता काय म्हणणार?

"लाव ना त्याला," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

फोन कुणी उचलला नाही. मुलीने मेसेज टाकला, 'दादा, आई वाट बघतेय.' आजवर तिचा प्रत्येक मेसेज एकाच टिकवर अडकून पडला होता. आज दुसरी टीक उमटली. मग दोन्ही निळ्या झाल्या.

"कुणी वाचलं?" आई कुजबुजली. "नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल तर?"

पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. आईने मुलीचा खांदा इतका आवळला, की तिला कळ आली.

एकच शब्द आला. 'चिमटे.'

घरात तिला चिमटे म्हणणारा एकटा दादाच होता. तिने भराभरा लिहिलं, 'कुठे आहेस? फोन कर.' हा मेसेज पोचलाच नाही. दादाचा फोटोही गायब झाला. त्याने तिला ब्लॉक केलं होतं.

"आहे गं तो, जिवंत आहे," आई म्हणाली आणि तो एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचू लागली.

"आहे म्हणून काय झालं?" मुलगी रडतच ओरडली. "रेंजबिंज काही नाही, आई! इतकी वर्षं त्याने मुद्दाम फोन केला नाही. मुद्दाम!"

आईने तिचे दोन्ही हात धरले.

"मुद्दाम ना?" ती म्हणाली. "नक्की मुद्दामच ना?"