वरच्या कुंडीतलं पाणी

काँक्रीटच्या गाडीसमोर फहमिदानं बसकण मारली, तेव्हा नानासाहेबांना हसू आलं.

"उठा मॅडम. हौद बुजवायचाय, तुम्हाला नाही."

नानासाहेब ठेकेदार. जुन्या मोगली बागेचं नूतनीकरण त्यांच्याकडं होतं. नूतनीकरण म्हणजे मधला दगडी हौद भरून टाकायचा आणि त्यावर गाण्यांवर नाचणारं, रंगीत दिव्यांचं कारंजं बसवायचं. त्याआधी उत्खनन करायचा नियम, म्हणून पुरातत्त्ववाली फहमिदा आली. तिनं टेकाडावरची कुंडी उकरून काढली, कुंडीतून हौदाकडं उतरणारा खापरी नळ शोधला आणि सांगितलं, इथलं जुनं कारंजं मेलेलं नाही. मोटार नको, वीज नको, नुसत्या उतारावर चालेल.

"मग चालवून दाखवा," नानासाहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत. नाहीतर गाडी खाली करतो."

चालवायला पाणी पाहिजे. सिमेंट कालवायला टँकर येत होता, लॉनवर येत होता, साहेबांची जीप धुवायलाही येत होता. हौदासाठी मागितला, तर म्हणे शहरात टंचाई आहे!

खोदकामावरच्या बाया बागेमागच्या वस्तीतल्या. तिथं नळ आठवड्यानं येतो. कालच येऊन गेला होता. भागूबाई टोपली टाकून निघाली ती डोक्यावर भरला हंडा घेऊनच आली. मागं सरूबाई, गुलशन, आणखी चौघी-पाचजणी.

"अगं, हे प्यायचं पाणी!" फहमिदा म्हणाली.

"मंग? पाहुण्याला काय मोरीचं पाजायचं?" भागूबाईनं कनवटीची हळदीची पुडी सोडली आणि कुंडीत झटकली. "आपलं पाणी आपल्याला वळखू आलं पायजे. नायतर हे म्हणतील, गटार फुटलं."

हंडे रिकामे झाले. पाणी गुडगुडत नळात उतरलं. हौदातलं कारंज्याचं दगडी कमळ कोरडंच.

बाया परत गेल्या, पुन्हा आल्या. आता कळश्या आल्या, बादल्या आल्या. कमळ कोरडंच.

नानासाहेबांनी घड्याळ बघितलं. वाळलेली माती आधी स्वतः पिणार, हे फहमिदाला ठाऊक होतं. पण किती पिणार? आणि मध्येच कुठं नळ फुटला असेल तर? या बायांची लेकरं उद्या काय पितील?

"बस्स करा," ती म्हणाली. "माझा अंदाज चुकला असेल. राहिलेलं घरी न्या."

"घरी नेऊन काय करू? नवऱ्याला आंघोळ घालू?" सरूबाईनं घरातला माठच उचलून आणला होता. तिनं तो कुंडीत पालथा घातला.

जमिनीखाली कुणीतरी ढेकर दिली. कमळातून आधी चिखल आला, मग काळं पाणी, मग पिवळं. वीतभर उडालं, हातभर उडालं, वर जाऊन क्षणभर थबकलं आणि छत्रीसारखं उघडलं.

कुण्या मिस्त्रीनं हे टेकाड नजरेनं जोखलं होतं, मातीला मातीचे सांधे लावले होते आणि तो मरून गेला होता. बागेच्या पाटीवर नाव बादशहाचं. त्याचं कुठंच नाही.

फहमिदा उभी राहिली आणि तिला एकदम रडू फुटलं. नानासाहेबांनी मागं न बघताच ड्रायव्हरला हात केला, "गाडी मागं घे."

तेवढ्यात सरूबाई किंचाळली, "बंद करा गं! पाणी चाललं!"

साऱ्या बाया लुगडी खोचून हौदात उतरल्या. नानासाहेबही पँट दुमडून धावले. कुणी कमळाच्या पाकळ्या पिळू लागलं, कुणी दगडांच्या फटीत बोटं घालू लागलं.

"ताई, कॉक कुठंय याचा?"

"याला कॉक नाही, सरूबाई."

"असं कसं? मंग ते लोक बंद कसं करत व्हते?"

फहमिदानं डोळे पुसले.

"बंद करत नव्हते."

भिजलेल्या बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. सरूबाईचा हात मात्र पाण्याखाली कमळाच्या बुडाशी चाचपतच होता.