रेवतीबाईंची अक्षरं

लालसिंग पडद्यासमोरून उठला तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. सकाळपासून तो सूर्यकांतरावांच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकत बसला होता.

"झालं काका. आता व्हिडिओ कॉल बराबर चालंल. लावून बघा पोराला."

सगळा खटाटोप त्यासाठीच होता. दोन वर्षांपासून सूर्यकांतरावांच्या बायकोचं, रेवतीबाईंचं, विसरणं वाढत चाललं होतं. आधी भाजीतलं मीठ, मग घराची गल्ली, मग माणसं. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावरचा मुलगा त्यांना ओळखू येईना. मोठ्या पडद्यावर आई ओळखेल, असं पुण्याहून स्वानंदच म्हणाला होता. पण जुन्या सिस्टीमवर कॉल लागतच नव्हता.

सूर्यकांतरावांनी बायकोला हाताला धरून खुर्चीत बसवलं. पडदाभर स्वानंदचा चेहरा आला. रेवतीबाई बराच वेळ टक लावून बघत राहिल्या.

"स्वानंद," त्या म्हणाल्या, "दाढी का रे वाढवलीस?"

तिकडे स्वानंदनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. इकडे सूर्यकांतरावांनी लालसिंगचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

कॉल संपला. सूर्यकांतराव चहा टाकायला आत गेले. रेवतीबाई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत. रोज या वेळी त्या तिथेच बसायच्या.

हिंगोलीच्या एका कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं मराठी टायपिंग केलं होतं. मशीन जाऊन कॉम्प्युटर आला, तरी अक्षरांच्या जागा त्याच राहिल्या. डोक्यातलं एकेक गळत गेलं, बोटांतलं तेवढं उरलं होतं. रोज दुपारी त्या जुनी पत्रं टाइप करायच्या, खाली न बघता, कुठंही न अडखळता. 'महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...' पान भरलं की म्हणायच्या, "साहेबांची सही घ्या." आणि सूर्यकांतराव पान छापून निमूटपणे सही करायचे. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढं एक बंद पडू देऊ नका.

आतून सूर्यकांतरावांना बोटांचा आवाज आला. नेहमीसारखाच, सरीवर सर. मग तो थांबला. परत सुरू झाला, पण हळू. एकेक अक्षर.

ते बाहेर आले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं सांडली होती, मधे मधे स्वल्पविराम, कुठं आकडे. रेवतीबाईंनी सगळं खोडलं आणि पुन्हा 'महोदय' टाइप केलं. पुन्हा तेच उमटलं. त्यांनी हात वर घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"हेही गेलं का हो माझं?"

"नाही गं, तुझं काही चुकलं नाही. मशीन बिघडलंय. मीच बिघडवलंय."

त्यांना ते ऐकू गेलं असावं, पण पटलं नाही. त्या उठल्या आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

लालसिंग खाली मान घालून बटणं दाबत राहिला. "काका, काकूंचं मराठीचं सॉफ्टवेअर लई जुनं हाय. नव्यात ते चालंना. मराठी हाय ह्याच्यात, पण अक्षरांच्या जागा येगळ्या."

"मला आधी सांगायचं होतंस."

"तुमी पोराच्या कॉलचंच बोलले, काका. काकू टायपिंग करतात हे मला कुठं माहीत?"

सूर्यकांतरावांना हे बोलणं लागलं, कारण ते खरं होतं.

"जुनं परत टाकता येईल?"

लालसिंगनं त्यांच्याकडे पाहिलं. "जुनं टाका म्हणणारा कुणी भेटला न्हाई अजून. टाकतो. पण कॉल बंद होईल."

रात्री सूर्यकांतरावांनी मोबाइलवरून स्वानंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या कॉल, बाबा. एकदा ओळखलं ना तिनं."

जुन्या सॉफ्टवेअरची सीडी शोधून आणायला लालसिंगला पाच दिवस लागले. त्या पाच दुपारी रेवतीबाई पलंगावरून उठल्या नाहीत. त्यांनी काही मागितलं नाही, काही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी काम झालं. लालसिंग गेल्यावर सूर्यकांतरावांनी हाक मारली, "रेवती, ये बघ. अक्षरं आली परत."

त्या हलल्या नाहीत. मग ते स्वतःच खुर्चीत बसले. त्यांना टायपिंग येत नव्हतं. एका बोटानं हुडकत हुडकत त्यांनी 'महोदय' लिहायला घेतलं. 'म' सापडला. 'ह' सापडायला फार वेळ लागला.

पाठीमागे पावलं वाजली. रेवतीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बोटांकडे बघू नये," त्या हळूच म्हणाल्या.

सूर्यकांतराव लगबगीनं उठले. त्यांनी खुर्ची मागं ओढली, पदरानं पुसावी तशी धोतराच्या सोग्यानं पुसली. "बस. बस ना. तूच कर."

रेवतीबाई दोन पावलं मागं सरल्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि परक्या घरी आल्यासारख्या संकोचानं हसल्या.

"मी नाही बाई. मला नाही येत ते," त्या म्हणाल्या. "इथं रोज दुपारी एक बाई यायच्या बघा. किती छान करायच्या. त्यांना बोलवा ना."