हरतालिकेच्या दिवशी थांबलेला ट्रॅक्टर

अर्धं लॉन कापून झालं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. सुपरवायझर कोंढरे यांनी वर बसलेल्या वैजंताच्या मनगटावरचा, बॅटरीला जोडलेला पट्टा बघितला.

"रक्तात साखरच नाही, मग बॅटरी चालणार कशावर? जेवली नाहीस का?"

"हरतालिका आहे, साहेब. पाणीपण घेतलं नाही."

"अगं, नुसती बॅटरी दोन तास चालते. माणसाच्या रक्तावर तीच आठ तास खेचते, म्हणून तर तुला वर बसवलंय. उद्या सोसायटीत गणपती बसणार. आजच लॉन पुरं व्हायला पाहिजे. जमत नसेल तर उतर, दुसरी बाई बोलावतो."

त्यांनी डब्यातला बेसनाचा लाडू पुढे केला. वैजंताने तो खाल्ला. घास उतरेना, म्हणून पाणीही प्यायली. थोड्या वेळाने पट्ट्यावरचा दिवा हिरवा झाला.

"तुझ्या नवऱ्यानं सात वर्षं चालवला हा," कोंढरे म्हणाले, "एक दिवस बंद पडू दिला नाही."

"आता त्यांना कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागतात," वैजंता म्हणाली. "उपवास त्यांच्यासाठीच धरला होता."

कोंढरे यांनी डबा पुन्हा उघडला. मग त्यांनी डब्यातला दुसरा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला.

"हाही खा. मागचं लॉन अजून राहिलंय."