आपली माहिती

पडद्यावर पुढचा आठवडा उघडला आणि इंगेलीसचा केकचा घास हातातच राहिला.

मंगळवार, लाल चौकट : ‘इंगेलीस. आंघोळ. मदतीला बोडिल.’ तिच्याखाली दुसरी : ‘इंगेलीस. डायपर आणणे. स्वेन.’

सामायिक दालनात वीसेक शेजारी बसले होते. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहराजवळच्या त्या वसाहतीत घरं ज्याची त्याची, पण स्वयंपाक, बाग आणि कंबरेचं हाड मोडल्यापासून इंगेलीसची देखभाल, सगळं वाटून घेतलेलं. कुणाची पाळी कधी, ते कॅलेंडरवर. ते इंगेलीसने आजवर कधी उघडून पाहिलं नव्हतं.

नवं कॅलेंडर निवडायचं काम टोर्किलकडे होतं आणि तो रंगात आला होता.

“आजवर आपण त्या बड्या कंपनीचं फुकटचं कॅलेंडर वापरलं. कोण आजारी, कोण गावाला, तिला सगळं आयतं मिळत होतं. हे ओपन सोर्स आहे. कुणीही आतून तपासून बघावं. आणि चालणार कुठे? आपल्याच तळघरातल्या मशीनवर! यापुढे आपली माहिती या घराबाहेर जाणार नाही.”

टाळ्या पडल्या.

“लाल फार भडक दिसतोय,” मागून कुणीतरी म्हणालं. “आंघोळीला निळा द्या ना.”

“चांगली सूचना,” म्हणत टोर्किलने आंघोळ निळी केली.

इंगेलीसची कानशिलं तापली. तिने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी चपापलं नव्हतं. कॉफीची किटली हातोहात पुढे सरकत होती. हसले असते तरी परवडलं असतं.

“टोर्किल, माहिती कुणाची म्हणालास?”

“आपली. आता शंभर टक्के आपली.”

“आंघोळ माझी आहे.”

किटली थांबली.

“अगं, इथे सगळे आपलेच तर...” टोर्किल म्हणू लागला.

“ती कंपनी मला अंगणात भेटत नाही. तुम्ही भेटता. रोज! आणि हा स्वेन माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू का बोलतो, ते मला आज कळलं.”

स्वेन लालबुंद झाला. बोडिलने तिच्या हातावर हात ठेवला. “मला सुचलंच नाही गं.”

“तुला तरी सुचायला हवं होतं,” इंगेलीसने हात काढून घेतला. “माझे कपडे तू काढतेस.”

टोर्किल घसा खाकरत म्हणाला, “नोंद झाकायची सोय यात नाही. त्या दुसऱ्यात आहे. काम काय ते ज्याचं त्यालाच दिसतं, बाकीच्यांना नुसती वेळ. पण ते दिसायला अगदीच ओबडधोबड, म्हणून मी बाद केलं.”

“दिसायला मीही काही फार बरी नाही. तेच घ्या.”

एकेक करत हात वर झाले. शेवटचा टोर्किलचा. त्याने दुसरं कॅलेंडर उघडलं. करडं, बेढब. इंगेलीसच्या चौकटींवर आता एकच शब्द होता : ‘कामात’.

मंडळी उठू लागली तेवढ्यात शेजारची गुद्रुन धापा टाकत आत आली. बस चुकली होती तिची. तिने पडद्याकडे पाहिलं.

“इंगेलीस, मंगळवारी सकाळी काय आहे गं तुझं?”

इंगेलीस वॉकरला धरून सावकाश उभी राहिली.

“दिसतंय ना,” ती म्हणाली. “कामात आहे.”