तीसपैकी पंचवीस

"रेल्वे, लिंबू, खिडकी, चप्पल, शाई." पेंटरांनी एका दमात पाच शब्द म्हटले आणि बाईंकडे पाहिलं.

"शाब्बास! आज वार कोणता?"

"गुरुवार."

"आपण कितव्या मजल्यावर आहोत?"

"तिसऱ्या."

विद्यापीठाच्या संशोधन विभागाबाहेरच्या बाकावर ही शेवटची उजळणी चालली होती. बाई पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. पेंटर म्हणजे त्यांचे यजमान. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून सगळे त्यांना पेंटरच म्हणायचे. दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग घराचा रस्ता, मग लेकीचं नाव. लेक फोनवर हुंदके देत होती आणि हे तिला विचारत होते, "आपण कोण बोलताय?" आता पुढचा नंबर आपला, हे बाईंना कळून चुकलं होतं. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

विद्यापीठात विस्मरणावरच्या एका नव्या औषधाचा प्रयोग चालू होता. औषध बाजारात नव्हतं. प्रयोगात नाव लागलं तरच मिळणार, आणि त्याआधी स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी लागणार. आज नोंदणीचा शेवटचा दिवस.

परीक्षा म्हटल्यावर बाईंनी कंबर कसली. शेजारच्या आजोबांनी गेल्या महिन्यात हीच परीक्षा दिली होती आणि त्यांना औषध मिळालंही होतं. त्यांच्या सुनेने दाराबाहेरून ऐकलेले सगळे प्रश्न बाईंनी तिच्या मागे लागून काढून घेतले. जन्मात कधी पेपर फोडला नाही, तो या वयात फोडला! त्याची लाज म्हणाल तर रतीभरही वाटली नाही.

मग महिनाभर सकाळ-संध्याकाळ शिकवणी. शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून पुन्हा सात. पेंटर मध्येच थांबायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. बाई ओरडायच्या, मग स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या, डोळे पुसून परत यायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायच्या. शेवटी ढ पोरांना लावून द्यायच्या तशी चाल लावून त्यांनी सगळं पाठ करून घेतलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. पेंटरही बिचारे मान डोलावत म्हणायचे.

दार उघडलं. पांढरा कोट घातलेली एक तरुण संशोधक पेंटरांना आत घेऊन गेली. नातेवाइकांना आत बसायला बंदी होती. बाई बाकावर बसून पाढे म्हटल्यासारखी तीच उत्तरं पुटपुटत राहिल्या.

पाऊण तासाने ती मुलगी हसतच बाहेर आली. पेंटर आत चहा पीत बसले होते.

"अभिनंदन, काकू! काकांना तीसपैकी पंचवीस!"

बाईंना भरून आलं. "मग औषध कधीपासून?"

"औषध नाही हो. चोवीस किंवा त्याहून कमी गुण असले तरच आम्ही घेतो. काका बसतच नाहीत त्यात. चांगलीच बातमी आहे की!"

बाईंना आता उमगलं. म्हणजे शेजारचे आजोबा पास झालेच नव्हते. नापास झाले, म्हणून त्यांना औषध मिळालं.

"अगं, ते सगळं मी घोकून घेतलंय! त्यांना काही म्हणता काही आठवत नाही. पोटच्या पोरीला ओळखत नाहीत ते!"

मुलीचं हसू मावळलं. "नाही म्हटलं की सगळेच असं सांगतात, काकू. आणि खरं असलं तरी माझ्या हातात काही नाही. पुन्हा परीक्षा घ्यायची तर सहा महिने थांबावं लागतं, आणि नोंदणी आज बंद होतेय."

"एक गुण काप गं. एकच." बाईंनी तिचा हात धरला. "पस्तीस वर्षं मी एकेक गुण देऊन पोरांना वर ढकललंय. तू एकाला खाली ओढ. लेक गेली त्यांच्या डोक्यातून, निदान मी तरी राहू दे."

मुलगी घुटमळली. आत जाऊन पेपर घेऊन आली. "तपासताना माझी चूक झाली असेल, तरच बदलता येईल. तुम्हीच बघा."

बाईंनी चष्मा चढवला. चूक सापडू दे रे देवा, म्हणत पेपर तपासण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. वार बरोबर. मजला बरोबर. पाचही शब्द बरोबर. वजाबाकी थेट पासष्टपर्यंत बरोबर. जळलं मेलं माझं शिकवणं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. गेलेले पाच गुण कुठे गेले ते त्यांनी पाहिलंही नाही.

शेवटचा प्रश्न मात्र शेजारच्या सुनेने सांगितलाच नव्हता. मनाने कोणतंही एक वाक्य लिहा. गुण एक.

मुलीनेही वाकून ते वाक्य पुन्हा वाचलं. या वेळी तिला मान वर करता येईना.

"हा नाही कापता येणार, काकू," ती हळूच म्हणाली. "वाक्य पूर्ण असलं की गुण द्यायचा. काय लिहिलंय ते धरायचं नाही, असा नियम आहे."

पेंटरांनी पाटीवर रंगवावीत तशा सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'बाई खूप मन लावून शिकवतात, पण शाळा कधीची सुटली तरी माझी बायको मला न्यायला अजून आली नाही.'